डब्याला ‘घ्या’ म्हणणारे फादर

फादर डब्याला ‘घ्या’ म्हणायचे. पाहुण्याला म्हणावं तसं, किंचित वाकून. लांबलचक स्टीलच्या टेबलावर तीनशे चाळीस डबे उघडे मांडलेले असायचे. भात, आमटी, पोळ्या भरून झाल्या की सर्वांत वरच्या पुडात भाजी घालायला फादर स्वतः यायचे. डाव पातेल्यात बुडवायचा, डब्यावर धरायचा, ‘घ्या’ म्हणायचं आणि मग भाजी सोडायची. पुढचा डबा. ‘घ्या.’ रोज तीनशे चाळीस वेळा, आणि एकदाही घाईनं नाही. डबे व्हॅनमधून दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार छावणीत जायचे, तिला सगळे सोनापूर म्हणतात. म्हणजे ज्यांनी घ्यायचं ती माणसं कुठल्या कुठे, आणि हे इकडे टेबलाला आग्रह करतायत.

मी तेव्हा चाळिशीची, ह्या डब्यांच्या किचनची मालकीण. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि मनगटावर नवं घड्याळ. एके दिवशी त्या घड्याळानं मी फादरांचा ‘घ्या’ मोजला. दीड सेकंद. तीनशे चाळिसांनी गुणलं तर साडेआठ मिनिटं. मोठा शोध लागल्यासारखी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“फादर, डबा ऐकतो का हो?”

“डबा नाही ऐकत, मॅडम,” ते म्हणाले. “हात ऐकतो. ‘घ्या’ म्हटलं की हात आपटत नाही.”

मी हसले. बाकीचेही हसले, कारण मॅडम हसल्या की हसायचं अशी आमच्या किचनमध्ये पद्धत होती. त्या मॅडमबद्दल आज काय सांगू? कर्तबगारी होती तिच्या अंगात, नाही असं नाही. पण कर्तबगारीपेक्षा ती लोकांना दिसावी याची हौस दुप्पट होती. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

आता हे सगळं आजच का, तर येत्या दिवाळीत ऊद मेथाच्या हॉलमध्ये माझा सत्कार आहे. इथल्या मराठी मंडळाचा केदार स्मरणिकेसाठी मजकूर घेऊन आला, म्हणाला, “आजी, तुम्हांला लिहायचे कष्ट नकोत, मीच ड्राफ्ट केलंय. फक्त अप्रूव्ह करा.” मी चष्मा लावला. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं: ‘एका निष्काळजी स्वयंपाक्याने कामगारांची भाजी बंद केली, तेव्हा ताईंनी खंबीरपणे त्याला दूर करून भाजी पुन्हा सुरू केली.’ केदारची काही चूक नाही. ही गोष्ट दुबईतल्या निम्म्या मराठी घरांना पाठ आहे. तो निष्काळजी स्वयंपाकी म्हणजे फादर. आणि भाजी बंद केली होती मी.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लिहून पाहिलं तर एवढंसंच आहे.

फादर काही खरे फादर नव्हते. ते नावही माझंच. वसईकडच्या एका खेड्यातले ते. तरुणपणी धर्मगुरू व्हायला म्हणून सेमिनरीत गेले आणि तिसऱ्या वर्षी परत आले, कारण आई अंथरुणाला खिळली आणि घरात रांधायला दुसरं कुणी नव्हतं. “आई बरी झाली,” ते सांगायचे, “पण हात चुलीला लागला तो लागलाच.” मग बोटींवर, तेलाच्या छावण्यांत, असे फिरत फिरत पन्नाशी उलटल्यावर ते अल कुसैसमधल्या आमच्या किचनला आले. हे कळल्यावर मी पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘फादर’ म्हणायला लागले. माझ्या मनात त्यात एक चिमटा होता. त्यांनी तो काढून टाकला आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. चार महिन्यांत भाजीवाले, पोलिसवाले, सगळे त्यांना आदरानं फादर म्हणायला लागले आणि चिमटा माझ्याच हातात राहिला.

व्हॅन रवाना झाली की दुसऱ्या दिवसाचे कांदे सोलायचे असत. तेव्हा उलट्या पातेल्यावर बसून फादर एका साधूची गोष्ट हप्त्याहप्त्यानं सांगायचे. सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचा इजिप्तचा साधू, पाखोमियस. मला ते नाव धड म्हणता येईना, म्हणून मी त्याचा पाखोमबाबा केला. फादरांना त्याचंही काही वाटलं नाही. “बाबाच तो,” म्हणाले.

हा पाखोमबाबा ऐन विशीत जबरदस्तीनं फौजेत धरून नेलेला. परक्या गावात त्याला आणि इतर पोरांना कोंडून ठेवलं होतं. संध्याकाळी गावातली अनोळखी माणसं जेवण घेऊन आली. ह्यानं विचारलं, ही कोण माणसं? आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. कुणीतरी सांगितलं, हे ख्रिस्ती. “त्या एका ताटावर तो अख्खा गेला बघा,” फादर म्हणायचे. फौजेतून सुटल्यावर त्यानं दीक्षा घेतली आणि वाळवंट गाठलं. तोवर साधू म्हणजे एकेकटे, आपापल्या गुहेत. ह्यानं मठ बांधला. सगळ्यांना मिळून एक दार, एक घंटा आणि एक स्वयंपाकघर. सुरुवातीला आलेल्या साधूंना तो स्वतः रांधून वाढायचा, तर ते त्याला नोकरासारखं वागवायला लागले.

“एकट्यानं उपास करायला काय लागतं?” फादर कांद्याचं साल ओढत म्हणायचे. “पंगतीत बसून करून दाखवा.”

आमचे ड्रायव्हर युसुफभाई हैदराबादचे. त्यांचा कांद्यांशी काही संबंध नसायचा, तरी ते गोष्टीसाठी सुरी घेऊन बसायचे. डोळे पुसत म्हणायचे, “फिर क्या हुआ फादर? और सुनो, मैं रो नहीं रऊँ, ये कांदा है.” मी काचेच्या केबिनमधून बघायची आणि मनात म्हणायची, आमच्या मठाची पाखोमबाबा मीच. हे सगळे माझे शिष्य.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमचे हे महिनाभर साताऱ्याला गेले. सासूबाई आजारी होत्या. जाताना म्हणाले, “तुला जमेल ना?” ह्या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं. जमेल? मी ह्यांना असं जमवून दाखवणार होते की परत आल्यावर ह्यांना आपलीच खुर्ची अनोळखी वाटावी.

त्यात दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळानं फराळाची मांडणी माझ्याकडे दिली. मी ठरवलं, साधी ताटं नाहीत मांडायची. रुखवतात मांडतात तसं अख्खं देऊळ करायचं. शंकरपाळ्यांच्या भिंती, करंज्यांचं शिखर, आणि पुढे एकावर एक चकल्या रचून गुळाच्या पाकानं चिकटवलेले आठ खांब. शिवाय वाटायला तीन हजार चकल्या. एवढं करायला माणसं हवीत, गॅस हवा, आणि मुख्य म्हणजे वेळ हवा. तो कुठून काढायचा?

तेव्हा मला परत येणारे डबे दिसले. छावणीतून डबे परत आले की त्यांत भाजी तशीच. दुधी असला तर हमखास. तरुण पोरं दुधीला तोंड लावायची नाहीत. आमटी, लोणचं आणि पोळ्यांचा फडशा पाडायची. तीन दिवस मी उभी राहून पाहिलं आणि चौथ्या दिवशी हुकूम सोडला. “उद्यापासून भाजी बंद. नाही तरी कुणी खात नाही. तो वेळ चकल्यांना.”

फादर हात पुसत केबिनच्या दारात आले. “मॅडम, परत आलेली भाजी बघू नका. न आलेली बघा.”

“म्हणजे?”

“वीस-पंचवीस डबे रोज पुसून आल्यासारखे येतात. तेच तेच नंबर. आता हा एकशे बारा—”

“फादर, वीस जणांसाठी मी तीनशे चाळिसांची भाजी करू?”

ते म्हणाले, “पाखोमबाबाच्या मठात असंच झालं होतं. बाबा गावोगावच्या मठांना भेटी द्यायला बाहेर होता. मागं स्वयंपाक्यानं पाहिलं, साधू शिजवलेली भाजी खात नाहीत, मीठभाकरीवर भागवतात. त्यानं भाजी करायचीच सोडली आणि त्या वेळात चटया विणत बसला. दोन महिन्यांनी बाबा परत आला. विचारलं, किती विणल्यास? तो अभिमानानं म्हणाला, पाचशे. बाबा म्हणाला, सगळ्या बाहेर आण. आणि त्यानं त्या चटया—”

माझा फोन वाजला. मंडळाच्या अध्यक्षीणबाई होत्या. मी हातानंच फादरांना थांबवलं आणि फोनवर हात ठेवून म्हटलं, “पुढचं उद्या.”

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चकल्या तळत होतो.

सोऱ्या फिरवायला फादरांचा हात उत्तम. भाजणीत मोहन किती, ते त्यांना बोटांना कळायचं. पण डबे भरताना माझ्या लक्षात आलं, वरच्या पुडात नुसतं लोणचं घालताना ते ‘घ्या’ म्हणत नव्हते. मला वाटलं, बरं झालं, साडेआठ मिनिटं वाचली.

देऊळ उभं राहिलं तेव्हा सगळं किचन गोळा झालं. युसुफभाई म्हणाले, “माशाल्ला मॅडम, ये तो चारमिनार को भी शरम आ जाएगी.” मी फादरांकडे पाहिलं. मला त्यांच्याकडूनही ऐकायचं होतं.

“खांब सरळ आलेत,” ते म्हणाले.

“एवढंच?”

“पाखोमबाबानं एकदा मठात सुंदर प्रार्थनाघर बांधलं. खांब इतके देखणे की त्यालाच स्वतःचा गर्व वाटायला लागला. मग त्यानं खांबांना दोर बांधले आणि साधूंना सांगितलं, ओढा. सगळे खांब तिरके होईपर्यंत.”

“म्हणजे मी माझे खांब वाकडे करू?”

“नाही हो, बाय. सहज आठवलं.”

वसईकडे घरच्या बाईला, मुलीला ‘बाय’ म्हणतात. मला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि मॅडमना राग आला तो ह्याचाच. त्यातून ऊद मेथाला जाताना एका राउंडअबाउटला युसुफभाईंनी ब्रेक मारला आणि आठांपैकी पाच खांब कलले. हॉलमध्ये मी ते खालून बेसनाच्या लाडवांचे टेकू देऊन उभे केले. लोकांनी फोटो काढले, टाळ्या वाजल्या. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, हे आदल्याच दिवशी परतले होते, “त्या फादरांची नजर लागली.” नजर! ज्या माणसानं तीन हजार चकल्या पाडल्या, त्याची!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी एकशे बारा नंबरचा डबा न उघडताच परत आला.

एकशे बारा म्हणजे रामसुमेर नावाचा गवंडी. साठीला टेकलेला, बिहारकडचा. त्याला मधुमेह होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भात कमी, भाजी जास्त. तो दुधीचा थेंब न् थेंब खायचा आणि शेजारची पोरं आपलाही दुधी त्याला द्यायची. पोरं काय, देऊन मोकळी. भाजी बंद झाल्यावर तीन आठवडे तो भात, पोळ्या, आमटी आणि लोणच्यावर काढत होता, कारण पोट भरायला दुसरं होतं काय? साइटवर त्याला चक्कर आली, पायऱ्यांवरून खाली आला आणि उजवं मनगट मोडलं. गवंड्याचं उजवं मनगट. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, शुगर चढलीय.

छावणीचा व्यवस्थापक, म्हणजे कॅम्प बॉस, दुसऱ्या दिवशी किचनमध्ये आला. मंगळुरी माणूस, आवाज चढवायचा नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची. म्हणाला, “सब्ज़ी का टिफ़िन तीन हफ़्ते से ख़ाली आ रहा है. किसने बंद किया?”

आमच्या ह्यांना काहीच ठाऊक नव्हतं. हे माझ्याकडे वळले, मग सगळ्यांकडे. “भाजी कोणी बंद केली?”

माझ्या हातात पिठाची चाळणी होती. ती मी इतकी निरखून पाहिली की आजही तिची भोकं मोजून सांगेन.

“मी बंद केली, साहेब,” फादर म्हणाले.

“मॅडमना विचारलं होतं?”

“डाव माझ्या हातात होता.”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. म्हणजे त्यातही चूक त्यांचीच! किचनमध्ये दहा माणसं होती आणि दहाही जणांना हुकूम कुणाचा ते ठाऊक होतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. मॅडम हसल्या की हसायचं, मॅडम गप्प बसल्या की गप्प बसायचं. माझीच शिकवण. फक्त युसुफभाई हळूच म्हणाले, “या अल्लाह,” आणि व्हॅनकडे निघून गेले.

कॅम्प बॉसला कुणाला तरी काढलेलं दाखवणं भाग होतं. ह्यांनी फादरांना परत पाठवायचं ठरवलं. हे वाईट नव्हते. घरी आल्यावर म्हणाले, “मला त्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.” मी म्हटलं, “मलाही.” हा एक शब्द मी उच्चारलाय. कुणी माझ्या तोंडात घातला नव्हता.

संध्याकाळी फादर डबे घासत होते. तो त्यांचा विभाग नव्हता, तरी घासत होते. मी जाऊन उभी राहिले.

“फादर, तुम्ही असं का सांगितलंत?”

“कसं?”

“की तुम्ही बंद केली.”

“मग कोणी केली, बाय?” त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर ना त्याग, ना टोमणा. खरंच विचारत होते. “तुम्ही सांगितलंत खरं. पण एकशे बारा नंबर कुणाचा, ते तुम्हांला कुठं ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. आणि तरी मी चकल्या पाडत बसलो.”

ते मला सांगायला आले होते आणि मीच त्यांना बोलू दिलं नव्हतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आमचे हे आत केबिनमध्ये बसले होते. मधे काचेचं दार. बारा पावलं असतील. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मी अबू धाबीला गेले, अमेरिकेला मुलीकडे गेले, चारधामही केलं. ती बारा पावलं काही झाली नाहीत.

फादर निघाले त्या सकाळी एक बॅग, एक छत्री. दुबईत छत्री कशाला, असं मी त्यांना चार वर्षं चिडवत आले होते. म्हणाले, “मॅडम, दुधीला मिरची घालू नका. जिरं आणि थोडं खोबरं. आजारी माणसांना बरं पडतं.” मला खूप काही बोलायचं होतं, म्हणून मी काय करावं? उरलेल्या चकल्यांचा डबा आणला आणि त्यांच्या हातात कोंबला. ‘घ्या’ सुद्धा म्हणाले नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, युसुफभाईंच्या व्हॅनमध्ये मांडीवर ठेवला आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी मी दुधी सुरू केला. जिरं, थोडं खोबरं. ह्यांना भरून आलं. पुढे प्रत्येक पार्टीत, प्रत्येक गणपतीत हे ती गोष्ट सांगायचे: “आमच्या हिनं एका कुकला घरी बसवलं, पण कामगारांच्या ताटातली भाजी जाऊ दिली नाही.” मी शेजारी बसून विनयानं मान खाली घालायची. लोकांना तो विनयच वाटायचा. रामसुमेर हाताला प्लास्टर घालून गावी गेला, तो परत आला नाही. कुणी म्हणालं मुलाकडे असतो, कुणी म्हणालं ठाऊक नाही. मी शोध घेतला नाही, हे खरं. आमचे हे सात वर्षांपूर्वी गेले ते ही गोष्ट खरी मानूनच. त्यांना सांगायला मला रोज एक सकाळ मिळत होती.

चार वर्षांपूर्वी मुंबईला एका लग्नाला गेले तेव्हा जुन्या व्हिसाच्या कागदावरचा पत्ता घेऊन वसईला जाऊन आले. फादर त्याच्या दोन वर्षं आधीच वारले होते. त्यांची पुतणी भेटली, शाळेत शिकवते. ओटीवर बसवलं, चहा दिला. मी विचारलं, कबर कुठं आहे? ती म्हणाली, “आंटी, आमच्याकडे जागा थोडी. काही वर्षांनी त्याच जागी दुसऱ्याला ठेवतात. आणि काका सांगूनच गेले होते, नावाचा दगड लावू नका. म्हणायचे, पाखोमियसची कबर तरी कुणाला ठाऊक आहे? त्यानं शिष्याला सांगितलं होतं, मला लपवून पुरून टाक.”

“त्या पाखोमियसच्या चटयांची गोष्ट तुला ठाऊक आहे?” मी विचारलं. “पाचशे चटया बाहेर आणल्या. पुढे काय झालं?”

“जाळल्या,” ती म्हणाली. सगळ्या लहान मुलांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी. “बाबा स्वयंपाक्याला म्हणाला, साधू खात नव्हते ते त्यांच्या मनानं. तू शिजवलंच नाहीस, तर त्यांनी नको तरी कशाला म्हणायचं? आणि आजारी, म्हातारे, पोरसवदा होते, त्यांनी काय करायचं? काका हे सांगताना प्रत्येक वेळी थांबायचे. म्हणायचे, दुबईत माझ्या हातून हेच पाप झालं. आजारी माणसाची भाजी मी बंद केली.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“तुम्ही त्याच मॅडम ना?” ती हसून म्हणाली. “काका तुमचं नाव फार काढायचे. म्हणायचे, माझी एवढी चूक झाली तरी मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. उलट वाटेत खायला चकल्या दिल्या.”

एक शब्द बोलल्या नाहीत. एवढं खरं वाक्य माझ्याबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं नाही. आणि मी तिथंही काय केलं? विनयानं मान खाली घातली. सवय. दुसरा कप चहा घेतला, तिच्या मुलीच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि निघून आले.

आता अल बर्शाला मुलाकडे असते. सकाळी नातीचा, इराचा, डबा मी भरते. भाजी घालताना तोंडातून ‘घ्या’ निघतंच. इरा म्हणते, “आजी, इट्स अ बॉक्स.” भाजी रोज परत येते. मी रोज घालते. सून म्हणते, आई, ती खात नाही, कशाला घालता? मी म्हणते, तिला नको म्हणता यावं म्हणून. सुनेला वाटतं, वय झालं.

केदारला मी त्याचा मजकूर परत दिला आणि हा, इथवरचा, हातात ठेवला. त्यानं उभ्या उभ्याच वाचला. चेहरा पडला बिचाऱ्याचा.

“आजी, हे... असं छापायचं? सत्काराच्या अंकात?”

“दोर कच्चा वाटतो का तुला?”

“कसला दोर?”

“खांब ओढायचा. छाप. आणि सत्काराचं काय करायचं ते तुमच्या कमिटीनं हे वाचून ठरवावं. माझी काही हरकत नसेल.”

पण छापायच्या आधी एक फोन करणं बाकी होतं. फादरांच्या पुतणीला मी हे सगळं वाचून दाखवलं, ‘मलाही’ सकट. वाचताना मनात येत होतं, लाइन तुटली तर बरं.

मग ती म्हणाली, “काका जन्मभर कन्फेशनमध्ये हे सांगत राहिले, आंटी. तुम्ही थोडं आधी सांगायला हवं होतं.”

“हो,” मी म्हटलं.

“पण त्या चकल्या? त्या तरी खऱ्या होत्या ना?”

“त्या खऱ्या होत्या.”

“मी नऊ वर्षांची होते. काका विमानतळावरून आले ते मांडीवर तो डबा घेऊनच. बॅग उघडायच्या आधी आम्हां सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं, आणि प्रत्येकापुढे वाकून एकेक चकली धरली. ‘घ्या’ म्हणाले. आम्हांला, पोरांना, अहो-जाहो! आम्ही किती हसलो.” मग म्हणाली, “निम्म्या मोडल्या होत्या. पण खुसखुशीत होत्या हो.”

मी फोन ठेवला. डोळे पुसले. आणि खोटं कशाला सांगू, एवढं सगळं होऊनही त्या ‘खुसखुशीत’नं मॅडम मनातल्या मनात सुखावली.